गिअर आणि सबबी

सायकलीच्या गिअरचा इतिहास लिहिणारे लोक दाते, स्प्रिंगा आणि पेटंटं मोजत बसतात. माझ्या मते तो मुळात सबबींचा इतिहास आहे. घाटात मागे पडलेल्या माणसाला माथ्यावर पोचल्यावर, चहाच्या टपरीशी आधीच येऊन बसलेल्या मंडळींना काहीतरी सांगावं लागतं. तो काय सांगणार, हे त्याच्या सायकलीला गिअर बदलायचा खटका कुठे आहे यावर ठरतं. खटका सीटच्या मागे होता तेव्हाची सबब वेगळी, फ्रेमच्या दांडीवर आला तेव्हाची वेगळी, ब्रेकमध्ये शिरला तेव्हाची वेगळी. तो बोटांच्या जितका जवळ आला तितकं कारण शोधणं अवघड होत गेलं. या दृष्टीने पाहिलं तर गेल्या शंभर वर्षांत हळू चालवणाऱ्यांवर फार अन्याय झाला आहे.

शर्यतींच्या जगात हा अन्याय जरा उशिरा सुरू झाला, त्याचं श्रेय आंरी देग्रांज यांना. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक ते हेच. शर्यत स्नायूंनी जिंकायची, यंत्राच्या चलाखीने नाही, असं त्यांचं ठाम मत. गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना ठीक, अशा अर्थाचं त्यांनी १९०२ साली लिहिलं होतं. तेव्हा ते स्वतः ३७ वर्षांचे होते. आणखी आठ वर्षांनी आपल्याला लागले तर अडचण नको, एवढी दूरदृष्टी त्यात होती. त्याच फ्रान्समध्ये सेंत-एतियेनचे पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ, आपल्या मासिकातून गिअरचा हिरिरीने प्रचार करत होते. त्यांचं वय तेव्हा एकोणपन्नास. म्हणजे दोघांचं भांडण तत्त्वाचं कमी आणि जन्मतारखेचं जास्त होतं.

टूरमध्ये डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं यंत्र, लावायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर देग्रांज ७२ वर्षांचे झाले होते आणि शर्यतीची सूत्रं दुसऱ्याच्या हाती गेली होती. त्या वर्षी डिरेलर लावून जिंकलेल्या रोजे लापेबीच्या सायकलीचं हँडल मधेच कोणीतरी करवतीने कापून ठेवलं होतं. काय अस्सल सबब! पण गडी जिंकला, त्यामुळे ती फुकट गेली.

देग्रांज गेले तरी त्यांचा विचार पुण्यात सुखाने नांदतो आहे. कॉलेजातला मुलगा गिअरची सायकल घेतो, सगळ्यात जड गिअरवर टाकतो आणि पदवी मिळेपर्यंत तिथेच ठेवतो. हलका गिअर टाक म्हटलं तर, ‘पाय नुसतेच फिरतात हो काका, जोर लागत नाही,’ अशी त्याची तक्रार असते. चढावर तो उभा राहून, मान खाली घालून, सायकल डावी-उजवीकडे झोकत जातो. पण एकवीस गिअरपैकी उरलेल्या विसांना हात लावत नाही. ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असतात.

डिरेलरच्या आधी शर्यतीतल्या सायकलीच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चक्रं असायची, एक सपाटीचं आणि एक चढाचं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, पंखवाले नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, परत नट आवळायचे आणि सुटायचं. माथ्यावर हेच पुन्हा. इटलीतल्या विचेंझाचा तुल्लिओ काम्पान्योलो १९२७ साली एका शर्यतीत क्रोचे दाउने नावाच्या खिंडीत बर्फात अडकला, बोटं गारठली, नट हलेना आणि शर्यत हातची गेली, अशी गोष्ट सांगतात. तपशील खरे-खोटे काहीही असोत, ‘नट सैल होईना’ ही गिअरच्या इतिहासातली पहिली नामांकित सबब आहे. बाकीचे लोक सबब सांगून चहा पितात. या माणसाने तिच्यावर काम केलं, लिव्हर ओढताच चाक मोकळं होईल असा आस बनवला आणि १९३३ साली कारखाना काढला. आजही जगभरच्या सायकलींचं चाक त्या युक्तीने निघतं.

याच कारखान्यातून चाळिशीच्या दशकात जी वस्तू आली तिच्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माणसाने गिअर बदलण्यासाठी इतका अघोरी उपाय क्वचितच केला असेल. तिचं नाव काम्बिओ कोर्सा. सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर दोन लांब सळया, त्यांच्या टोकाला दोन खटके. गिअर बदलायचा म्हणजे चालत्या सायकलीवर हात मांडीच्या मागे न्यायचा आणि चाचपडत पहिला खटका उघडायचा. त्याने काय व्हायचं? मागच्या चाकाचा आस सैल व्हायचा. हो, चालत्या सायकलीचं मागचं चाक. मग पायडल उलटं फिरवायचं आणि दुसऱ्या खटक्याने साखळी शेजारच्या चक्रावर ढकलायची. साखळी ताणून धरायला वेगळी कप्पी नव्हती, म्हणून चाकच खाचेत पुढे-मागे सरकून आपली जागा शोधायचं. ते स्थिरावलं असं वाटलं की पहिला खटका परत आवळायचा. हे सगळं एका हाताने, मागे न बघता, शेजारच्याची कोपरं चुकवत, आल्प्सच्या चढावर. जीनो बार्तालीने १९४८ची टूर असल्या खटक्यांवर जिंकली. पुढे दोनाऐवजी एकच खटका आला आणि तो वापरून फाउस्तो कोप्पीने १९५० साली पारी-रूबेची शर्यत मारली. तेव्हा ‘काय ही प्रगती’ असं लोक म्हणाले असणार.

या काळात सबब सांगायची गरजच नव्हती. माणूस जिवंत वर आला यातच सगळ्यांना आनंद असे.

मग खटका पुढे आला आणि फ्रेमच्या खालच्या दांडीवर, गुडघ्यांच्या मधोमध, बाटलीच्या वर जाऊन बसला. पन्नाशीच्या सुरुवातीला वायरीने ओढायचं डिरेलर स्थिरावलं आणि तिथून १९९०पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, शर्यतीच्या सायकलीचा गिअर म्हणजे या दोन छोट्या दांड्या. उजवी मागच्या चक्रांची, डावी पुढच्या. तिथेच का? वायर आखूड, वजन कमी, बिघडायला काही नाही. सायकलस्वाराच्या सोयीचा विचार झाल्याची खूण मात्र कुठे दिसत नाही.

ज्यांनी या दांड्या वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चढ जवळ आला. तुम्ही उभे असाल तर आधी बसा. उभ्याने हात पोचत नाही आणि पोचला तर तोल पोचत नाही. आता उजवा हात हँडलवरून काढा. सायकल लगेच डावीकडे बघायला लागेल, तिकडे लक्ष देऊ नका. खांदा खाली, हात गुडघ्याच्या आतून, वर येणारा गुडघा मनगटाला लागणार नाही अशा बेताने. दांडी मागे ओढा. किती ओढायची? ते कुठेही लिहिलेलं नाही. दांडी नुसत्या घर्षणाने जागच्या जागी राहते, तिला खाचा नाहीत, खुणा नाहीत. म्हणून आधी हवी त्याहून किंचित जास्त ओढायची, साखळी मोठ्या चक्रावर खडखडत चढू द्यायची आणि मग केसभर मागे सोडायची. तंबोरा लावणारा आधी खुंटी पिळतो आणि मग मण्याने सूर मिळवतो, तसंच हे. फरक इतकाच की तंबोरा लावताना समोरून एसटी येत नाही. कान मागच्या चाकाकडे, डोळे रस्त्याकडे. खरखर थांबली की गिअर लागला.

सबबींच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ. ‘गिअरच सापडला नाही’ हे वाक्य खरं असू शकत होतं आणि खोटं असलं तरी सिद्ध करता येत नव्हतं. दांडीचा स्क्रू हलकेच सैल व्हायचा. त्याला एक छोटी अर्धगोल कडी असायची, ती बोटाने पिळून आवळायची. आवळायची राहिली तर ऐन चढावर, पाय कबूल करून बसलेले असताना, दांडी आपोआप पुढे सरकायची आणि साखळी थेट सगळ्यात लहान चक्रावर उतरायची. पायाखाली अचानक भिंत. असा माणूस वर पोचला की त्याच्या तोंडावर जे दुःख असे ते आजच्या महागड्या सायकलवाल्यांना परवडणार नाही.

या दांड्यांचा आणखी एक गुण शर्यतवाल्यांना ठाऊक होता. शेजारच्याचा हात हँडल सोडून खाली गेला की समजायचं, हा आता सुटणार. सगळे सावध. गिअर बदलणं हा जाहीर कार्यक्रम होता. पट्टीचे लोक त्याचाही फायदा घ्यायचे आणि नुसताच हात खाली नेऊन परत आणायचे.

शर्यत सोडा, उभ्या सायकलीला या दांड्यांचा जो जाच होता तो मोठाच होता. गिअरची सायकल किराणा दुकानासमोर लावली की आळीतलं प्रत्येक पोर येता-जाता दांडी फिरवून बघणार. सायकल उभी, त्यामुळे साखळी जागच्या जागी. पण कट शिजून तयार. मालक साबणवडी, अर्धा किलो साखर पिशवीत घालून येतो, टांग टाकतो, पहिलं पायडल मारतो आणि खालून ‘खड्ड, कर्रर्र, खट्’ असा आवाज येऊन साखळी तीन चक्रं एकदम ओलांडते, किंवा कुठेच न जाता अडकते. पोर कोपऱ्यावर उभं राहून निष्पापपणे आभाळाकडे बघत असतं.

१९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या शर्यतीच्या सामानात खाचांची दांडी आणली. एक ‘टक्’ म्हणजे एक गिअर. कान देणं नको, केसभर मागे घेणं नको. सबबींच्या इतिहासात इतका क्रूर आवाज दुसरा नाही, कारण तो शेजाऱ्यालाही ऐकू येतो. टक् वाजलं म्हणजे गिअर पडला, आता बोला! सनटूर नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीचं या कथेत वाईट झालं. डिरेलर तिरकं सरकवण्याची उत्तम युक्ती त्यांनी १९६४ साली शोधली, वीस वर्षं पेटंट सांभाळलं, ते संपलं आणि नेमकी तीच युक्ती घेऊन शिमानोची टक् बाजारात आली. पुढल्या दहाएक वर्षांत सनटूरचा जुना दरारा संपला. त्यांच्या जागी मी असतो तर जन्मभर तीच एक सबब सांगितली असती.

या नव्या दांडीला एक फिरकी होती. ती फिरवली की टक् बंद आणि जुनी घर्षणाची पद्धत सुरू. जुन्या लोकांचा विश्वास बसावा म्हणून ठेवली असेल. विश्वास न बसलेले पुष्कळ होते. ‘यंत्राने सांगितल्यावर गिअर टाकायचा तर आमचे कान कशाला?’ असं म्हणणारे लोक पुढे तीन वर्षांत टक्ची सवय झाल्यावर, टक् अर्धवट वाजते म्हणून मेकॅनिकशी भांडू लागले.

कारण टक् आली तशी तिची सबबही आली. वायर थोडी ताणली गेली की टक् वाजते पण गिअर पडत नाही, किंवा पडतो आणि परत येतो. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतं ती पट्टी एक-दोन मिलिमीटर वाकली तरी सगळं बिनसतं. ‘हँगर वाकलाय’ हे आजही कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये सर्वात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य असावं. फार सोयीचं आहे ते. हँगर नुसत्या डोळ्यांनी बघून वाकलाय की नाही हे सांगता येत नाही, वाकवला कोणी हे तर कधीच कळत नाही, आणि मेकॅनिकला विचारलं तर तो कधीही ‘नाही’ म्हणत नाही.

१९९० साली खटक्याने सगळ्यात मोठी उडी मारली आणि तो थेट ब्रेकच्या मुठीत जाऊन बसला. आता हात हँडलवरून काढायची गरजच नाही. ब्रेकची लिव्हर आत ढकलली की मोठं चक्र, तिच्या मागची छोटी पट्टी ढकलली की लहान. दोन वर्षांत काम्पान्योलोने आपली तऱ्हा काढली: ब्रेकमागची पट्टी एकीकडे नेते, अंगठ्याखालचं बटण दुसरीकडे. या बटणावर त्यांच्या भक्तांची इतकी श्रद्धा की २०२३ साली कंपनीने नव्या वायरविना गिअरमधून ते काढून टाकलं तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखे चेहरे झाले.

नवा खटका जड होता, म्हणून काही दिग्गज घाटाच्या टप्प्यांत उजव्या हाताला नवा आणि डाव्या हाताचा जुना, दांडीवरचा, अशी मिसळ वापरत. मार्को पान्तानी वापरायचा, लान्स आर्मस्ट्राँगही. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं पुढे काढून घेतली गेली. घाट सोपा करण्याचा हा एक उपाय तरी नियमात बसणारा होता असं म्हणायला हरकत नाही.

२००६ साली अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने एकाच पट्टीवर दोन्ही कामं सोपवली. थोडं ढकललं की जड गिअर, लांबवर ढकललं की हलका. कल्पना सुटसुटीत आहे. तिची गंमत मात्र घाटाच्या शेवटच्या वळणावरच कळते. छाती भात्यासारखी चाललेली, डोळ्यांत घाम, आपण आधीच सगळ्यात हलक्या गिअरवर आहोत हे विसरलेलं असतं. वाटतं, अजून एक असेल. पट्टी लांबवर ढकलता. पुढे चक्रच नाही, ती अडते. तुम्ही सोडता आणि गिअर एकाने जड होतो. मागायला गेलो हलका, पदरात पडला जड. सरकारी कचेरीत अर्ज केलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

मुठीतल्या खटक्याच्या पोटात छोट्या चकत्या, पंजे आणि केसासारख्या स्प्रिंगा असतात. गिअरची वायर तिथे ओणवी होऊन वळते, आणि वर्षानुवर्षं वळून वळून एकेक धागा तुटायला लागतो. मेकॅनिक रबराची टोपी मागे ढकलतो, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरतो आणि आत बघून मान हलवतो. वायरीचं शिसं आत अडकलेलं, धागे साळिंदरासारखे उभे. मग चिमटा, मग सुई, मग शिव्या. तासाभराने बाहेर आलेला तो इवलासा तुकडा तो तुमच्या तळहातावर ठेवतो. हा तुकडा टाकू नये. पुढल्या राइडला दाखवता येतो.

शर्यतीतल्या सबबींचा मुकुटमणीही याच खटक्यांच्या काळातला. २०१० सालच्या टूरमध्ये पोर्त द बालेसच्या चढावर पिवळी जर्सी घातलेल्या अँडी श्लेकने हल्ला चढवला आणि त्याची साखळी उतरली. तो खाली बघत असताना आल्बेर्तो कॉन्तादोर पुढे निघून गेला. त्या दिवशी श्लेकने ३९ सेकंद गमावले आणि पॅरिसला पोचल्यावर तो हरला तोही ३९ सेकंदांनीच. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात कॉन्तादोरचं विजेतेपद गेलं आणि २०१२ साली ते श्लेकला मिळालं. साखळी पडली ही सबब दोन वर्षांनी का होईना, मान्य झाल्याचं इतिहासात दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

यानंतर वीज आली. खरं तर माव्हिक या फ्रेंच कंपनीने नव्वदीच्या सुरुवातीलाच विजेचे गिअर काढले होते, पण ते चारचौघांच्या गळी उतरले नाहीत. २००९ साली शिमानोचे विजेचे गिअर आले आणि टिकले. काही वर्षांत स्रॅमने वायरच काढून टाकली. आता खटका म्हणजे बटण. दाबलं की मागे बारीक ‘झिग्’ असा आवाज होतो आणि गिअर बदललेला असतो, दर वेळी, तंतोतंत, उभ्याने, बसून, उतारावर, रात्री तीन वाजता पेंगतानासुद्धा. स्रॅमच्या रचनेत उजवं बटण जड, डावं हलकं, दोन्ही एकदम दाबली की पुढचं चक्र. चुकायला जागा कुठे ठेवलीच नाही. अशा उत्तम सामानाच्या किमतीत बरी मोटारसायकल येते. पण मोटारसायकलवर चढ चढून दमल्याचा आनंद नाही.

या विजेच्या गिअरवाल्यांची मला खरोखर कणव येते. वायर ताणली म्हणता येत नाही, कारण वायर नाही. हँगर वाकलाय म्हणावं तर गिअर मोबाइलवरून केसभर इकडे-तिकडे सरकवून घेता येतो. बॅटरी संपली म्हणावं, तर ती संपत आल्याचं दिवा आधी सांगतो, फोन सांगतो, आणि तरी ऐकलं नाही तर यंत्र आधी पुढचा गिअर बंद करून मागचा थोडा वेळ चालू ठेवतं, म्हणजे घरी पोचता यावं. इतकं सगळं होऊन बॅटरी संपली तर दोष कोणाचा? चार्जिंगला लावायला विसरणाऱ्याचा. सबबीचा मूळ नियमच असा की दोष दुसऱ्या कोणावर तरी जायला हवा. इथे तो घूमजाव करून आपल्याच अंगावर येतो. चढावर मागे राहिलेला विजेचा गिअरवाला माथ्यावर येतो आणि गप्प बसतो. पाणी पितो. फारच झालं तर, ‘झोप कमी झाली काल,’ म्हणतो, जे कुठल्याही सायकलीवर म्हणता आलं असतं आणि ज्यासाठी एवढा खर्च करायची गरज नव्हती.

ही कोंडी फोडली ती २०२४ साली अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो शाखा आणि नॉर्थईस्टर्न, इथल्या मंडळींनी दाखवून दिलं की शिमानोच्या वायरविना गिअरला बटणाकडून जाणारा रेडिओ संदेश पकडून ठेवता येतो आणि नंतर तोच परत सोडून दुसऱ्याच्या सायकलीचा गिअर आपल्या मर्जीने बदलता येतो. साधारण दहा मीटरवरून, सायकलीला हातही न लावता. किराणा दुकानासमोरचं ते पोर शिकून मोठं झालं होतं. कंपनीने त्यांच्याबरोबर बसून दुरुस्ती केली आणि सायकलीसाठी सॉफ्टवेअरचं अपडेट काढलं.

अपडेट यायचं ते आलं, पण सबब त्याआधीच सगळीकडे पोचली होती. बातमी छापून आल्याच्या पुढच्याच रविवारी आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ सिंहगडाच्या माथ्यावर सगळ्यात शेवटी पोचले, सायकल भिंतीला टेकवली आणि ‘कोणीतरी हॅक केलं मला,’ असं गंभीरपणे जाहीर करून त्यांनी पिठलं-भाकरी मागवली. त्यांच्या सायकलीच्या दांडीवर जुन्या घर्षणाच्या दोन दांड्या आहेत, आणि उजवीची कडी त्या दिवशीही सैल होती.